सासूबाईंची ओटी

"आमचे दिवस इथे आनंदात जातात, असं काही मला छातीठोकपणे सांगता यायचं नाही," ती पोरगी म्हणाली आणि शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखी ताठ बसली.

उत्तराताईंनी माझ्याकडे पाहिलं. असलं मराठी त्यांना अपेक्षित नव्हतं. समोरची बाई सोलापूरच्या पूर्व भागातून, तेलुगू विणकरांच्या गल्लीतून आली होती. अंगाला विडीच्या पानांचा वास येत होता. अशा बाईनं तेलुगूतच रडायला हवं, असं ताईंचं ठाम मत होतं. त्यासाठीच तर त्यांनी मला नेमलं होतं.

"भारती, तिच्याशी तिच्या भाषेत बोल," त्या म्हणाल्या. "वेदना मातृभाषेतूनच वाहते."

हे वाक्य त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं आणि तेव्हापासून ते जिथं तिथं वाटत सुटल्या होत्या. आमच्या केंद्राच्या भिंतीवरही ते दोन भाषांत टांगलं होतं. त्यातला तेलुगू फ्लेक्स उद्घाटनाच्या दिवशी उलटा लटकत होता. त्याच्याखाली उभं राहून पाहुण्यांनी भाषणं केली, आणि एकाही शहाण्याच्या ते लक्षात आलं नाही.

केंद्राचं नाव 'सांत्वन'. ज्या बायकांवर बळजबरी झाली आहे, त्यांना मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत आधार द्यायचा, असा त्याचा गाजावाजा होता. उत्तराताई म्हणजे ट्रस्टच्या अध्यक्षांच्या पत्नी. याआधी त्या रांगोळी स्पर्धांना परीक्षक म्हणून जात. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, आडनावानं येमूल, म्हणजे त्याच विणकरांच्या समाजातली. दोन्ही भाषा बोलणारी बाई स्वस्तात मिळाली म्हणून ताई माझ्यावर खूश होत्या. कामाला लागल्यापासून त्यांचं आणि माझं दोनदा वाजलं होतं.

पहिलं भांडण ओटीवरून झालं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईची जाताना ओटी भरायची, असा ताईंनी नियमच केला होता. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, सगळं टेबलावर मांडलेलं. शेजारी फोटोवाला तयार.

"अहो, बायका कसला प्रसंग सोसून येतात, आणि आपण काय खण-नारळ घेऊन बसलोय?" मी म्हटलं होतं.

"तुला तुमच्याच संस्कृतीची लाज वाटते, भारती," ताई म्हणाल्या होत्या. त्यांच्या तोंडी हे 'तुमच्या' फार असायचं. तुमच्यात असं असतं, तुमच्यात तसं चालतं. माझ्या समाजाबद्दल मला जे ठाऊक नव्हतं ते सगळं त्यांना ठाऊक होतं.

दुसरं भांडण त्याच सकाळी झालं होतं. बाईशी एकटीनं बोलायचं, घरचं माणूस बाहेर बसवायचं, ही या कामातली बाराखडी आहे. त्या दिवशी ही पोरगी, श्यामला, आली ती सासूला घेऊनच. खरं तर सासूच तिला घेऊन आली म्हणायला हवं. नरसूबाई पुढे, तिच्या कडेवर श्यामलाची दीड वर्षाची पोर, आणि मागून श्यामला. मी नरसूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवायला गेले, तर ताईंनी मला हटकलं.

"तुमच्यात सासू म्हणजे आईच ना? तिला बाहेर बसवून आपणच कुटुंब तोडायचं? येऊ दे आत. तू दोघींना दोन्हीकडचं समजावून सांग. भाषा दोन, कुटुंब एक."

हेही फ्लेक्सवर होतं.

तर अशा चौघी त्या खोलीत बसलो होतो, शिवाय दाराशी फोटोवाला. नरसूबाई खुर्चीवर मांडी घालून बसली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात तुळशीची माळ, चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव. पोरीला तिनं मांडीवर अशी आवळून धरली होती की लेकरू वळवळलं तरी हात ढिला होत नव्हता. ही बाई लग्न होऊन तेलंगणातून आली आणि 'केवढ्याला', 'नको', 'चल हट' एवढ्या मराठीवर तिनं सोलापुरात जन्म काढला. आमच्या गल्ल्यांत याहून जास्त लागतही नाही.

मी श्यामलाला तेलुगूत विचारलं, "काय झालं, अम्मा? सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईंकडे बघून म्हणाली, "मला मराठीच बरं पडतं. आणि इथे ओटी भरतात असं ऐकलं. ती आधी भरून घेतली तर चालेल का?"

मला तिची चीड आली. खणा-नारळासाठी आलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. ही त्यातली दिसते, वर मराठी शाळेचा तोरा. नरसूबाईला 'ओटी' हा शब्द बरोबर कळला. तिचा चेहरा खुलला. ती मला तेलुगूत म्हणाली, "हीच म्हणाली, अत्तम्मा, तिथं ओटी भरतात, खण देतात, चला. म्हणून आले. नाहीतर मला कुठं वेळ?" मग सुनेकडे हनुवटी उडवून म्हणाली, "मराठी शाळेत शिकलीय ना. पाठांतराचं बक्षीस होतं. तेव्हापासून डोक्यात हवा."

"ओटी शेवटी," ताई गोड हसल्या. "आधी मन मोकळं कर."

श्यामलानं मन मोकळं केलं. पण ज्या थाटात केलं, तो थाट मी जन्मात विसरणार नाही. हात मांडीवर, मान सरळ, मधूनमधून चेहऱ्यावर बारीकसं हसू. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सहलीचं वर्णन चाललंय.

"ज्यांनी माझ्या गळ्यात काळी पोत घातली," ती म्हणाली, "त्यांच्या पाठीवर जन्मलेले एक गृहस्थ आमच्याच घरी राहतात. भर दुपारी, घरचे कमावते कामावर गेलेले असताना, त्या गृहस्थांनी मला नासवलं. एकदाच नाही. आरडाओरडा करू नये म्हणून तोंडात बोळा कोंबला होता."

मी लिहायचं थांबले. ताईंचा चष्मा नाकावर घसरला.

"माझं लेकरू आत्ता ज्यांच्यापाशी आहे, त्यांना हे ठाऊक आहे," ती तशाच सुरात पुढे म्हणाली. "त्या पलीकडच्याच खोलीत पानं कातरत बसल्या होत्या. मधे दार नाही, नुसता पडदा आहे. मला कात्रीचा आवाज येत होता. तो थांबला नाही."

कात्री हा शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखाच. नरसूबाईनं तेवढा पकडला आणि कौतुकानं मान हलवली. "सांग की त्यांना," ती मला म्हणाली, "सगळी पानं मीच कातरते. हिला अजून धड जमत नाही."

आजही त्या बाईचं ते मान हलवणं आठवलं की तोंड कडू होतं.

"लवकरच मला गाडीत बसवून लांबच्या गावी पोचवणार आहेत," श्यामला म्हणाली. "लेकरू मात्र इथेच ठेवून घेणार. तोंड उघडलंस तर ते पुन्हा दृष्टीस पडायचं नाही, असं बजावलं आहे. घरात, दारात, नळावर, ते कायम त्यांच्याच मांडीवर असतं, मला उचलूही देत नाहीत. माझं हे बोलणं त्यांना उमगत नाही, तेवढीच माझी सोय आहे. आपण कृपा करून ते उमगू देऊ नका."

आता कुठं मला तिचं मराठी कळलं. दीर म्हणाली नव्हती, सासू म्हणाली नव्हती, कुणाचं नाव घेतलं नव्हतं. बाजारात, रस्त्यावर, टीव्हीवर म्हातारीच्या कानावर पडलेला एकेक शब्द ती तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाजूला टाकत होती आणि उरलेल्यात आपली गोष्ट सांगत होती. पाठांतराचं बक्षीस उगाच मिळालं नव्हतं.

हे सगळं उत्तराताईंनीही ऐकलं. मराठी त्यांचीच भाषा. त्यांना अवघड शब्द एकही नव्हता. आणि त्यांनी काय करावं? त्यांनी डोळे टिपले, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बघितलंस? किती कोरडं सांगते! भावना पार गोठल्यात. भारती, हे सगळं आता आईंना तेलुगूत सांग."

"काय?"

"सगळं. कुटुंबात लपवालपवी राहिली की ती कुजते. आईनं सुनेला पोटाशी धरलं पाहिजे, दोघींनी एकत्र रडलं पाहिजे. तो क्षण आपल्याला मिळाला तर..." त्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. तो कॅमेरा पुसायला लागला.

"ताई, ती काय म्हणाली ते ऐकलंत ना तुम्ही?"

"मी ऐकलं. तू ऐकत नाहीस. लैंगिक अत्याचारात सगळ्यात मोठा आधार..."

बाईंनी नेमका तोच शब्द काढला. 'अत्याचारम्' तेलुगू बातम्यांत रोज येतं, आणि तेलुगूत त्याचा अर्थ बलात्कार, दुसरा नाही. नरसूबाईची मान झटकन वर आली. पोर एवढी आवळली गेली की किरकिरली. श्यामलाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ओठ पांढरे पडले होते.

"काय म्हणते ती?" म्हातारीनं मला विचारलं. "अत्याचार कुणाचा?"

"टीव्हीवरचं सांगतायत," मी तेलुगूत म्हटलं. "कुठल्या कुठल्या गावात काय काय होतं म्हणे. यांना रोज तेच. मोठ्या घरच्या बायका, दुसरा उद्योग काय?"

नरसूबाई मोठ्या घरच्या बाईकडे बघून जरा हसली. पण खुर्चीवरची मांडी मोडून तिनं पाय खाली सोडले, चप्पल चाचपली.

"छान!" ताई मला म्हणाल्या. "बघ, हसल्या त्या. आता पुढचं सांग."

तेवढ्यात श्यामला पुन्हा म्हणाली, "ओटी केव्हा भरणार?"

यावेळी ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं टेबलावरच्या तांदळाकडे पाहिलं, आणि मग सासूच्या हातांकडे, पोरीभोवती आवळलेल्या त्या दोन हातांकडे.

ओटी घ्यायची तर पदर पुढे पसरावा लागतो. दोन्ही हातांनी धरावा लागतो. मांडीवर लेकरू घेऊन कुणाला ओटी घेता येत नाही. पोरगी मघापासून हेच सांगत होती, आणि त्या खोलीतल्या दोघी शिकलेल्या बायकांपैकी एकीला ते आत्ता कळत होतं.

मी उठले. नरसूबाईपाशी जाऊन वाकले आणि तेलुगूत म्हटलं, "बाई म्हणतात, सून अशक्त आहे, पण तुम्ही नात छान सांभाळलीत. आज शुक्रवार. घरातली मोठी सवाष्ण तुम्ही. पहिली ओटी तुमची."

"माझी?" ती हरखली. "खण कुठला?"

"इरकली. तुम्ही निवडा."

उत्तराताईंना मी मराठीत सांगितलं, "त्यांना सगळं समजलं, ताई. फार गहिवरल्यात. म्हणतात, आधी ओटी घेते, मग सुनेला पोटाशी धरते."

"बघ!" ताई उभ्याच राहिल्या. "मी म्हटलं नव्हतं? फोटो घ्या हो!"

नरसूबाईनं हिरवा खण निवडला. मग पोरीला कुठं द्यावं म्हणून इकडे तिकडे पाहिलं. श्यामलानं हात पुढे केले नाहीत. ती खिडकीबाहेर बघत होती, जसं काही तिचं त्यात काही नव्हतंच. तिनं हात पुढे केले असते तर म्हातारी सावध झाली असती. पण तरी म्हातारीनं पोर सुनेला दिली नाही. दिली ती उत्तराताईंना.

ताईंना तर आकाशच ठेंगणं झालं. पीडितेचं मूल कडेवर, समोर कॅमेरा, अंगावर रेशमी पैठणी. त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि हसल्या. मी मनातल्या मनात त्यांना जे म्हटलं, ते कुठल्याही भाषेत छापता यायचं नाही.

मी ओटी भरायला घेतली. नरसूबाईनं पदर पसरला. मी सावकाश एकेक ओंजळ घातली. तांदूळ जड झाला तसा तिनं पदर आणखी घट्ट धरला. नारळ ठेवला. हळकुंड, सुपारी, खण ठेवला. आणि पोर अजून ताईंच्याच कडेवर! मी पुन्हा तांदूळ घालायला लागले.

"केवढी भरते ग!" म्हातारी खूश होऊन म्हणाली.

ओटीची परात निम्मी रिकामी झाली, आणि त्या शहाण्या लेकरानं उत्तराताईंच्या पैठणीवर सू केली.

"अय्या! ई! धरा हिला कुणीतरी!" ताई किंचाळल्या आणि जवळ जी बाई होती तिच्या अंगावर त्यांनी पोर जवळजवळ फेकलीच. जवळ श्यामला होती. आयुष्यात उत्तराताईंनी एखाद्या बाईला दिलेला हा एकुलता एक खरा आधार.

श्यामला धावली नाही. लेकराला खांद्यावर टाकून शांतपणे चालत माझ्या मागच्या खोलीत गेली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

आतून पाणी मागितल्याचं ऐकू आलं. "अक्का, नीळ्ळु!" तिच्या तोंडून निघालेला पहिला तेलुगू शब्द, पाणी. माठ आतच आहे, मी बाहेरून सांगितलं. मग जरा वेळानं दाराआडून ती जी सुरू झाली, ती ऐकून माझे कान गरम झाले. विडी कारखान्याच्या फाटकावरसुद्धा इतक्या बारकाईनं शिव्या मी ऐकल्या नव्हत्या. दिराला, नवऱ्याला, सासूला, त्यांच्या सात पिढ्यांना. उत्तराताई खऱ्याच निघाल्या, वेदना मातृभाषेतूनच वाहत होती.

आणि नरसूबाई? तिला सगळं एका क्षणात उमजलं. ती दाराकडे झेपावली, ओरडायला लागली, माझ्या पोरीला बाहेर काढ, रांडे, दार उघड. पायानं दारावर लाथा घातल्या, खांद्यानं धडका दिल्या. हात मात्र तिनं वापरले नाहीत. हातांत पदर होता. पदरात ओटी होती. खाली ठेवायची नाही, सांडायची तर मुळीच नाही, सवाष्णीला अशुभ. तांदळाचा एक दाणा घरंगळला तर ती शिव्या देता देता थांबून खाली बघत होती.

पोलीस चौकीतल्या हवालदार माळगेबाई माझ्या ओळखीच्या होत्या. मी फोन केला, त्या आल्या. तोवर उत्तराताई न्हाणीघरात पैठणी धूत होत्या.

पुढचं सगळं रीतीनं झालं, म्हणजे कूर्मगतीनं झालं. खटला उभा राहिला. समाजातली वजनदार मंडळी मध्यस्थी करायला माझ्या वडिलांच्या घरी येऊन बसली, चहा पिऊन गेली. श्यामला लेकीला घेऊन आश्रयगृहात राहिली, नंतर बहिणीकडे गेली. कोर्टात ती मराठीत बोलली, त्याच थाटात, आणि त्या गृहस्थांना शिक्षा झाली. 'सांत्वन'च्या अहवालात नरसूबाईचा फोटो छापून आला, पदर भरलेला, चेहरा फुललेला. खाली ओळ होती: 'सुनेच्या दुःखात सासूबाईंचाही सहभाग'. तो अहवाल हातात घेऊन मी राजीनामा दिला. ताई म्हणाल्या, तुमच्यात चिकाटी नसते.

इतक्या वर्षांनी मला त्यातलं फारसं काही आठवायचं नसतं. आठवतं ते त्या दुपारचं शेवटचं. माळगेबाई दारात उभ्या. आतल्या शिव्या संपलेल्या. नरसूबाई भिंतीला टेकून तशीच उभी, पदर दोन्ही हातांत, घामानं कुंकू ओघळलेलं.

"नात कशी काय सुटली हिच्या हातून?" माळगेबाईंनी मला विचारलं. "विचार की तिला."

मी विचारलं. नरसूबाईनं रडवेल्या आवाजात मला तेलुगूत उत्तर दिलं. "नेनेम चेय्याली? ना चेतुलु खाळी लेवु."

"काय म्हणायली ही?"

त्या दिवशी मी पुष्कळ भाषांतरं केली होती, आणि सगळी खोटी. हे मात्र मी शब्दाला शब्द लावून खरं केलं.

"म्हणते, मी काय करणार? माझे हात मोकळे नव्हते."

माळगेबाईंनी वही उघडली. "कधी?"

"दोन्ही वेळेला," मी म्हटलं. "तेव्हा हातात कात्री होती."